गुलबक्षी बाराला उघडत नाही

आधीच सांगून टाकते, बक्षीस मिळालं नाही. म्हणजे उत्तेजनार्थ मिळालं, एक सर्टिफिकेट आणि प्लास्टिकची कुंडी. फुलांच्या प्रदर्शनात प्लास्टिकची कुंडी, असो. प्रदर्शन कुठलं, कॉलेज कुठलं हे लिहीत नाही, कारण पुढं थोडं रडगाणं आहे आणि आमचं बेळगाव एवढं काही मोठं नाही, सकाळी कॅम्पात बोललेलं दुपारी शहापुरात पोचतं.

तर झालं असं की ऑक्टोबरात नोटीस लागली. विद्यार्थ्यांसाठी थीम गार्डनची स्पर्धा, वीस फूट बाय बारा फूट जागा, जानेवारीच्या शेवटी तीन दिवस प्रदर्शन, त्याआधी चार दिवस जागा ताब्यात, आणि संपल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मैदान रिकामं पाहिजे. आम्ही बॉटनीच्या फायनल इयरच्या सहाजणी आणि आर्किटेक्चरचे दोघं. ते दोघं का, तर ड्रॉइंग कोण काढणार. बजेट बारा हजार, त्यातले पाच कॉलेजनं दिले, बाकी आम्ही घरोघरी हात पसरून.

पहिली मीटिंग कॅन्टीनमध्ये झाली आणि तासभर नुसती भांडणं. कारण आपल्याकडं फुलांचं प्रदर्शन म्हटलं की डोळ्यासमोर एकच गोष्ट येते, फुलांचं कायतरी भलंमोठं. लहानपणी बाबांच्या खांद्यावर बसून ह्यूम पार्कात फलपुष्प प्रदर्शन बघितलंय, कलिंगडावर कोरलेले चेहरे आणि भोपळ्याचे मोर अजून आठवतात. बेंगळुरात लालबागेत तर वर्षातनं दोनदा, २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टच्या टायमाला, ग्लास हाऊसमध्ये फुलांची अख्खी इमारतच उभी करतात. ते ग्लास हाऊस १८८९ सालचं, लंडनच्या क्रिस्टल पॅलेसवरनं बेतलेलं, त्यामुळं आत काही ठेवलं तरी भारीच दिसतं म्हणा. तर आमच्यातली एक म्हणाली किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे ते जैन मंदिर, करूया, १२०४ सालची आहे, छताचं कमळ फुलांनी करायचं. दुसरी म्हणाली कित्तूरचा वाडा. आर्किटेक्चरवाला एकजण मात्र गप बसून नॅपकिनवर हिशोब करत होता. दीड इंचाचं फूल धरलं तर चौरस फुटाला ६४ फुलं, बारा बाय दहाची एक भिंत म्हणजे १२० चौरस फूट, साडेसात हजाराच्या वर फुलं झाली, आणि तीन दिवस टिकवायची तर दुसऱ्या दिवशी अर्धी बदला. नॅपकिन फिरवला आणि सगळे चहा प्यायला लागले.

परड्याचा विषय माझ्याच तोंडनं निघाला, तोही वैतागून. आदल्या रविवारी आज्जीकडं गेलेले, खानापूरच्या बाजूला गाव आहे, आणि तिथं न्हाणीत अंघोळ करताना बाहेर केळीची पानं सळसळतात ना तो आवाज डोक्यात होता. म्हटलं, अरे आपल्या घरामागं असतं तेच करूया की, परडं! न्हाणीचं पाणी मोरीतनं केळीला जातं, केळीचं अळूला, अळूचं कर्दळीला, शेवटी जे काय उरतं ते गवती चहाच्या बुडात. कुणी डिझाइन केलंय ते? कुणीच नाही. पण पाण्याचा थेंब वाया जात नाही आणि डबकंही होत नाही. आमच्या गावात जुलैत पाऊस असा की दाराबाहेर पाय टाकवत नाही, आणि शहरात एप्रिल आला की राकसकोपच्या धरणात पाणी किती उरलं त्यावर नळ कितव्या दिवशी येणार ते ठरतं. तर थीम ठरली, "न्हाणीमागचं परडं". एकजण म्हणाली हे बघायला कोण येणार, सगळ्यांच्याच घरी असतंय. त्याला आमच्याकडं उत्तर नव्हतं.

उत्तर नर्सरीतल्या मामांकडं पण नव्हतं, उलट त्यांनी आगीत तेलच ओतलं. मामा म्हणजे आम्ही जिथनं रोपं घेतो तिथले माळी, बैलहोंगलकडचे, बोलणं कन्नड पण मराठी सगळं कळतं आणि गरज पडली की बोलतातही. यादी बघितली, अळू, कर्दळ, अबोली, गुलबक्षी, तगर, कढीपत्ता, आणि खो खो हसले. म्हणाले, "हित्तल गिड मद्दल्ल, तंगी." तंगी म्हणजे बहीण, आणि म्हण अशी की परसातलं झाड औषधाला चालत नाही. आपण म्हणतो ना पिकतं तिथं विकत नाही, तेच. पण हसून झाल्यावर त्यांनीच वही मागितली आणि प्रत्येक झाडापुढं तारीख लिहायला लावली, कुठलं कधी पेरायचं. आणि तिथं मला पहिल्यांदा कळलं की आपण बाग करत नाही आहोत. बागेत काय, झेंडू आज फुलला तर आज, चार दिवसांनी फुलला तर चार दिवसांनी, कोण विचारतंय. इथं मुहूर्त ठरलेला. लग्नाच्या दिवशी नवरी, नवरा, भटजी, आचारी सगळे एकाच वेळी हजर पाहिजेत तसं.

झेंडूचं गणित सोपं आहे. नोव्हेंबरच्या सुरुवातीला बी टाकलं, पंचवीस दिवसांनी रोप पिशवीत, तिथनं पुढं पन्नास-साठ दिवसांत फूल. म्हणजे जानेवारीचा शेवट, बरोब्बर. पण आमच्यातल्या एकीनं यूट्यूबवर बघितलं की शेंडा खुडला की फांद्या जास्त फुटतात. खरंच फुटतात. तिनं डिसेंबर संपता संपता उत्साहात सगळ्या चाळीस रोपांचे शेंडे खुडले आणि मग मामांना फोन केला. मामा दोन मिनिटं काही बोललेच नाहीत. शेंडा खुडला की फूल आठ-दहा दिवस पुढं जातं, खुडायचंच तर लवकर खुडायचं, आणि तेवढे दिवस आधी पेरायचं. त्यामुळं प्रदर्शनात आमचा झेंडू कसा होता, तर गच्च डेरेदार, हिरवागार, आणि कळ्या हरभऱ्याएवढ्या. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात असला फुलला म्हणता, हॉस्टेलच्या गॅलरीत, बघायला आम्हीच.

शेवंतीची गोष्ट याच्या उलट आणि ती मी आयुष्यभर सांगणार आहे. शेवंतीच्या तीस कुंड्या कॉलेजात मागच्या बाजूला ठेवलेल्या, त्यातल्या बारा जागा पुरली नाही म्हणून गेटजवळ वॉचमन काकांच्या केबिनशेजारी. आतल्या अठरा नोव्हेंबरातच कळ्यांवर आल्या आणि डिसेंबरच्या मध्याला फुलून बसल्या, म्हणजे प्रदर्शनापर्यंत वाळून कोळसा. गेटजवळच्या बारा मात्र नुसत्या पानांनी वाढतायत, एक कळी नाही. आम्ही म्हटलं वॉचमन काका चहाचं पाणी ओतत असतील. मग बॉटनीच्या सहा मुलींपैकी एकीची, म्हणजे माझीच, ट्यूब पेटली, कारण वर शब्दशः ट्यूब पेटलेलीच होती! गेटवरचा मोठा दिवा. शेवंती रात्र मोजते. रात्र पुरेशी लांब झाली की तिला कळतं आता फुलायचं, आणि मध्येच उजेड पडला की तिला वाटतं उन्हाळाच चाललाय अजून. हे आम्ही सेकंड इयरला पाठ केलेलं, फोटोपिरिऑडिझम, पाच मार्कांची टीप, आकृतीसकट. पण पुस्तकातली शेवंती आणि गेटजवळची शेवंती एकच आहे हे काय डोक्यात आलं नव्हतं. डिसेंबरच्या पाच तारखेला त्या बारा कुंड्या उचलून जिमखान्यामागच्या अंधारात नेल्या. सात आठवडे मोजले. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी पिवळ्या शेवंतीच्या बाराच्या बारा कुंड्या उमललेल्या. आमच्या सगळ्या प्लॅनिंगमध्ये वेळेवर झालेली ही एकमेव गोष्ट आणि ती वॉचमन काकांच्या दिव्यानं केली.

अमेरिकेत फिलाडेल्फियाला १८२९ पासून फ्लॉवर शो भरतो, तिथं पण शाळा-कॉलेजची मुलं बागा उभारतात, आणि वर्षानुवर्षं तो मार्चच्या सुरुवातीला भरायचा, म्हणजे बाहेर थंडी आणि आत ट्युलिप फुललेले पाहिजेत. ती मुलं महिनोन् महिने ग्रीनहाऊसमध्ये झाडांना खोटा वसंत दाखवत बसतात. हे वाचून मला जरा बरं वाटलं, फसवाफसवी सगळीकडंच आहे. फक्त त्यांच्याकडं ग्रीनहाऊस आणि आमच्याकडं जिमखान्याची मागची भिंत.

जागा ताब्यात मिळाली त्या दिवसापासनं रडगाणं सुरू. आयोजकांनी आधी दाखवलेला प्लॉट कडुनिंबाखाली होता, ऐनवेळी बदलून जनरेटरजवळचा दिला. का, तर तिथं म्हणे स्टॉल येणार. माती देतो म्हणाले होते, ट्रॉली आली तर त्यात विटांचे तुकडे, सिमेंटची ढेकळं आणि एक चप्पल. लहान मुलाची, डाव्या पायाची. विचारायला गेलो तर "मातीच आहे की ती". मामांनी मूठभर उचलली, बोटानं चुरली, वास घेतला आणि टाकून दिली. "नोड्री, ह्याच्यात झाड नाय, घर बांधा." नोड्री म्हणजे बघा. मग काय, कोकोपीट आणलं, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. पाच किलोची वीट पाण्यात भिजवली की फुगून सत्तर लिटरच्या आसपास होते, ते बघायला मज्जा येते, ब्रेडसारखी फुगत जाते. दहा विटा भिजवल्या, आणि ट्रॉलीतली माती चाळून वरनं पातळ थर.

कुणाला माहीत नसेल तर सांगते, प्रदर्शनातल्या बागेत काहीच लावलेलं नसतं. मैदान खणायला परवानगी नसते. सगळी झाडं कुंडीत, पिशवीत, बादलीत तशीच उभी असतात, मध्ये पोती कोंबायची, उंची जुळवायला विटा, आणि वरनं कोकोपीट पसरून कुंड्यांच्या कडा झाकायच्या. म्हणजे जवळनं बघितलं तर नाटकाचा सेट. आमच्या अळूचं तळं म्हणजे कपडे धुवायचे तीन टब. न्हाणीची भिंत चिऱ्यांची केली, खऱ्या चिऱ्यांची, एकेक उचलताना कंबर मोडली. वरती जुनी कौलं, एकीच्या काकांच्या पडक्या गोठ्याची. मडकी आणि परळ खानापूरचे, तिथं कुंभारकामाचं केंद्र सरकारचं ट्रेनिंग सेंटर आहे, गावात भट्ट्यापण आहेत. मडकी एसटीतनं मांडीवर घेऊन आणली. कंडक्टरनं मडक्यांचं तिकीट मागितलं नाही हे त्याचे उपकार.

केळी हा वेगळाच अध्याय. मोठ्या केळी पाहिजेत, माणसाच्या उंचीच्या वर, तरच परडं वाटणार. येळ्ळूरच्या एका काकांनी चार दिल्या, बुडाच्या मातीसकट खणून, पोत्यात गुंडाळून. छोटा हत्ती टेम्पो केला, केळी उभ्या बांधल्या आणि निघालो. मी पुढं बसलेले. आरपीडी क्रॉसला सिग्नलला थांबलो तेव्हा मागं बघितलं तर पानांच्या नुसत्या झिरमिळ्या, लग्नाच्या मांडवाला लावतात तशा. वाऱ्यानं फाडून टाकलेली. मला रडायलाच आलं. खाली उतरवून घेताना मामा म्हणाले पानं वर गोळा करून जुन्या लुगड्यानं बांधायची असतात, एवढं पण माहीत नाय काय. नव्हतं माहीत. इंटर्नलला विचारत नाहीत हे. शेवटी फाटलेली पानं कापली आणि मधला सुरळीतला कोंब ठेवला, आणि केळीचं नशीब बघा, तीन दिवसांत एका झाडानं ती सुरळी उलगडली, हिरवं कोवळं एकसंध पान. त्याच्याखाली उभं राहून लोकांनी फोटो काढले.

पाण्याचं सर्किट बघायला सोपं होतं. न्हाणीत तांब्याचा हंडा, हंड्यातनं बारीक धार दगडावर, दगडावरनं मोरीत, मोरीतनं पन्हळीतनं केळीच्या बुडाशी, तिथनं अळूच्या टबात, आणि शेवटच्या टबातनं छोटा पंप ते पाणी परत हंड्यात चढवणार. कूलरमध्ये असतो तसला पंप. रात्री अकराला चालू केला, धार पडली, सगळे नाचले. पावणेबाराला बंद. काढून बघितला तर तोंडाशी कोकोपीटचा चोथा. साफ केला, परत चालू, परत बंद. तिसऱ्यांदा एकीनं काही न बोलता स्वतःची ओढणी टर्रकन फाडली, पंप त्यात गुंडाळला, रबरबँड लावला. तो पंप मग तीन दिवस थांबला नाही. ओढणी नवी होती, तिच्या आईला हे अजून माहीत नाही, काकी तुम्ही वाचत असाल तर सॉरी.

पाट्यांवरनं वाद होणार हे गृहीतच होतं, आमच्याकडं पाटी म्हटलं की वाद. आम्ही तिन्ही भाषांत केल्या आणि अक्षरं सारख्या उंचीची, आर्किटेक्चरवाल्यानं पट्टीनं मोजून. मजा अशी झाली की पाट्यांमुळंच लोक थांबायला लागले. अबोली म्हणजे कनकांबर, झेंडू म्हणजे चेंडु हूवु, जास्वंद दासवाळ. एक आई लेकराला कन्नडमधनं वाचून दाखवत होती, शेजारी उभी बाई तीच पाटी मराठीतनं, आणि ती दोन पोरं एकमेकांना नावं सांगायला लागली, तू काय म्हणतोस ह्याला, मी काय म्हणतो. मोठ्यांनी पाट्यांवरनं एवढं केलं असतं तर, पण जाऊदे, तो विषय नको.

आता परीक्षक. दुपारी बाराला येणार असं सांगितलेलं आणि बाराला आले, तक्रार करायला जागा नाही. तक्रार आमच्याच अकलेची. आमच्या डिझाइनमध्ये रंगाचा मुख्य पट्टा होता गुलबक्षीचा. न्हाणीच्या भिंतीकडंनं पुढं वाहत आलेली गुलबक्षी, गुलाबी, पिवळी, पांढरी, आणि एकाच झाडावर दोन-दोन रंगांची, पट्टे ओढल्यासारखी. ऑक्टोबरात बी लावलं, मिऱ्यासारखं काळं बी, प्रत्येक रोपाला पाणी घातलं, रोज कळ्या मोजल्या. रोज संध्याकाळी, कॉलेज सुटल्यावर. आलं ना लक्षात? आम्ही ते झाड तीन महिने फक्त संध्याकाळी बघितलेलं! गुलबक्षी चार वाजल्याशिवाय उघडत नाही, इंग्रजीत तर तिचं नावच चार वाजल्याचं फूल असं आहे, आणि सहा बॉटनीवाल्यांपैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही की परीक्षक दुपारच्या उन्हात येतील. बाराला आमचा रंगाचा पट्टा म्हणजे मिटलेल्या, सुकलेल्या वातींची रांग. झेंडूच्या हिरव्या कळ्या. रंग म्हणून फक्त त्या बारा शेवंत्या, आणि अबोली, तीपण अबोलच. एका परीक्षकांनी वहीत लिहिलं, मी वाकून बघितलं, "कलर कमी". दुसरे म्हणाले कल्पना चांगली आहे पण हे जरा घरगुती वाटतं. सर, परडं आहे हो ते.

मी थोडं फणफणलेच. लंडनला चेल्सी फ्लॉवर शो असतो, १९१३ पासून, तिथं डिझाइनरनं आधी कागदावर लिहून द्यायचं असतं की ही बाग कुणासाठी, कशासाठी, आणि परीक्षक त्या कागदाशी ताडून बघतात की म्हटलं तसं केलंय का. आमच्याकडं असा कागद मागितला असता तर आम्ही लिहिलं असतं की ही बाग संध्याकाळी बघायची आहे, दिवेलागणीला, अंघोळीच्या पाण्याचा वास येत असताना. पण ते आता सुचतंय. तेव्हा सुचलं असतं तरी बाराचे चार वाजले नसते. पहिलं बक्षीस ज्यांना मिळालं त्यांचं हार्टच्या आकाराचं व्हर्टिकल गार्डन होतं, मध्ये सेल्फीला भोक. पिटुनिया मात्र कसला फुलवला होता त्यांनी, एक सुकलेलं फूल नाही. मी दोनदा जाऊन बघून आले, चोरून.

पण खरे परीक्षक दुसऱ्या दिवशी आले. चार-पाच आज्ज्या, नऊवारी, गळ्यात पिशव्या, कुठल्यातरी गावाहून टेम्पोतनं देवदर्शनाला निघालेल्या आणि वाटेत प्रदर्शन दिसलं म्हणून उतरलेल्या. बाकीच्या बागांकडनं सरळ चालत आल्या, आमच्याजवळ थांबल्या, आणि त्यातली सगळ्यात बुटकी आज्जी दोरीखालनं वाकून सरळ आतच शिरली. व्हॉलंटियर ओरडला, तिनं बघितलं पण नाही. हंड्यातली धार तळव्यावर घेतली. मग वळून म्हणाली, "तुळस कुणी ठेवली गं ही हितं?"

तुळशीवृंदावन मधोमध होतं. आर्किटेक्चरवाल्याचा फोकल पॉइंट, ड्रॉइंगमध्ये त्याच्याभोवती बाण वगैरे.

"न्हाणीच्या पाण्यात तुळस? खरकट्या पाण्यात? परड्यात कोण लावतंय तुळस, अंगणात पायजे ती, दारासमोर." मी म्हटलं आज्जी जागा तेवढीच आहे, अंगण नाही आमच्याकडं. तर म्हणाली, "मग पुढं घ्या की, लोकं उभी ऱ्हात्यात तितं. तेच अंगण."

आम्ही एकमेकांकडं बघितलं. मग चौघांनी मिळून प्रदर्शन चालू असताना, गर्दीत, ते वृंदावन उचललं आणि दोरीच्या बाहेर, लोक उभे राहतात तिथं नेऊन ठेवलं. आणि एकदम सगळं जागेवर बसलं. म्हणजे आत्तापर्यंत लोक बागेसमोर उभे होते, आता घरात उभे होते, पुढं अंगण आणि मागं परडं. आर्किटेक्चरवाला पाच मिनिटं गप, मग वहीत कायतरी काढायला लागला. आज्जीचं अजून संपलं नव्हतं. धुण्याचा दगड उलट्या उताराला ठेवलाय, पाणी अंगावर येईल. पाणी तापवायची चूल कुठाय, हंडा काय उन्हात तापतोय? चुलीची राख अळूला घालतेस काय? कढीपत्ता एवढा मोरीला चिकटून नको, कुजतोय. दुसरी आज्जी तोवर अळूची पानं उलटून बघत होती, देठ काळा हाय म्हणजे वडीचा, आणि मला वाटतं एक पान तिच्या पिशवीत गेलं. जाऊदे. मी सगळं लिहून घेत होते, मामा बाजूला उभे, हात मागं बांधून, ऐकत होते. मी त्यांना म्हटलं, मामा, हित्तल गिड? ते म्हणाले, "मद्दल्ल. पण डॉक्टर आली नोड."

संध्याकाळी साडेचारला गुलबक्षी उघडायला लागली. एकेक नाही, बघता बघता, आपण मान वळवून परत बघावं तर आणखी चार. थंडीचे दिवस, मैदानावर दिवे लागायचे होते अजून, जनरेटर नशिबानं बंद. हळूहळू तो मंद गोडसर वास. नोकरीवरनं सुटलेली माणसं, क्लासची पोरं, वडगावकडच्या बायका, बरीच गर्दी आमच्याकडंच. एक गृहस्थ कितीतरी वेळ धारेकडं बघत उभे होते, मी विचारलं काका काय सांगू का याची माहिती, तर म्हणाले नको, आमच्या घराचं परडं गेल्या वर्षी रोड वायडनिंगमध्ये गेलं. आणि गेले पुढं. हार्टच्या भोकात तोंड घालून लोक फोटो काढत होते, तेही चाललंच होतं, मला काय तेव्हा त्याचं वाईट वाटलं नाही. थोडं वाटलं.

पुण्याची मामेबहीण सुट्टीला आलेली, ती तिथंच हसून हसून बेजार. मी फोनवर ओरडत होते, "मी आलो आलो, थांब बे, मी पंप बघूलालोय!" तिला म्हटलं आमच्याकडं मुली असंच बोलतात, तू तुझं जातेयेते पुण्यात ठेव.

तीन महिने जमवलेलं मोडायला तीन तास लागले. सकाळी सहाला थंडीत गेलो. चिरे ज्याचे त्याला, कौलं काकांच्या गोठ्याला, मडकी वाटून घेतली, दोन फुटली. कोकोपीट पोत्यांत भरून कॉलेजच्या नर्सरीत. डाव्या पायाची चप्पल परत सापडली, ती कोपऱ्यात ठेवून दिली. गुलबक्षी मुळासकट काढली, तिला खाली मुळ्यासारखा कंद असतो, तो लावला की परत येते. बी तर किती पडलेलं होतं कोकोपीटमध्ये, चाळणीला काळे मिरे लागावेत तसं. त्याच्या कागदी पुड्या बांधल्या आणि शेवटच्या दिवशी ज्यांनी मागितलं त्यांना दिल्या, बुटक्या आज्जीसाठी पण एक बाजूला ठेवलेली, पण गावाचं नावच विचारायचं राहिलं. ती पुडी माझ्या कंपासपेटीत आहे.

केळी हॉस्टेलच्या मेसमागं लावल्या, भांडी घासायच्या जागेपासनं नाली काढून दिली. चारमधल्या तीन जगल्या. अळू पण तिथंच. मेसच्या काकी आधी कुरकुरल्या, डास होतील म्हणून, आता त्याच रोज सकाळी राख नेऊन टाकतात आणि आम्हाला हात लावू देत नाहीत. परवा डब्यात अळूवडी होती. मी पान उलटून देठ बघायला गेले, तर काकी म्हणाल्या, शिजवलंय ते, आता काय बघूलालीस.